संगणक बिघडला की आधी ‘फॉरमॅट’ मारू नका

आपल्या व्यापारी वर्गात तिजोरीची किल्ली कुणाच्या हाती द्यायची याचा दहा वेळा विचार होतो. पण ज्या संगणकात उधारीची यादी, जीएसटीची विवरणपत्रे, कारागिरांची मजुरी आणि साड्यांची डिझाइन्स आहेत, तो बिघडला की गल्लीतल्या कुणाही तरुणाला बोलावून त्याच्या हवाली केला जातो. तो पाच मिनिटे पडद्याकडे पाहतो आणि म्हणतो, “चाचा, फॉरमॅट मारावं लागेल.” चाचा मान हलवतात. संध्याकाळपर्यंत संगणक नव्यासारखा चालू लागतो, आणि चार वर्षांचा हिशोब पुसला गेलेला असतो.

माझे स्पष्ट मत असे की, फॉरमॅट हा शेवटचा इलाज आहे आणि आपल्याकडे तो पहिला म्हणून केला जातो. यात नुकसान केवळ सोयीचे नाही. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून पुढे ७२ महिने हिशोबाची कागदपत्रे जपून ठेवावी लागतात. “संगणक बिघडला होता” ही सबब अधिकाऱ्यापुढे सांगून पाहावी, काय उत्तर मिळते ते कळेल. आणि उधारीचे काय? ज्याच्याकडून येणे आहे, तो आपण होऊन आकडा सांगायला येईल, अशी आशा कुणी करू नये.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत खाली कारखाना आणि वर घर अशी वस्ती पुष्कळ. तिथल्या संगणकाचा पहिला शत्रू विषाणू नसून कापसाची तूस आहे. संगणक चालू केला, पंधरावीस मिनिटे नीट चालला आणि अचानक बंद पडला, पुन्हा लावला तर पाचच मिनिटांत बंद, असे होऊ लागले की लोक विषाणूचा संशय घेतात. अशा वेळी आधी डब्याची बाजू उघडून पाहावी. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली तुसीची चक्क गादी बसलेली आढळते. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद होतो. तार काढून मऊ ब्रशने व ब्लोअरने ती साफ करावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरधाव फिरून पंखाच खराब होतो. मागांच्या गावात हे काम दर महिन्याला केले पाहिजे. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी तो गादीवर किंवा कापडाच्या ताग्यावर ठेवून काम करू नये, हवेची वाट खालूनच असते.

दुसरी गोष्ट विजेची. मागाची आणि संगणकाची जोडणी एकाच लाईनवर नको. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजून आधी वायरमनला बोलवावे. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. लाईट गेल्याबरोबर संगणकही बंद पडत असेल, तर तो यूपीएस नावापुरताच उरला आहे.

एक बिघाड असा आहे की त्याने भलेभले चकतात. जीएसटीचे पोर्टल उघडत नाही, बँकेचे उघडत नाही, जिथे जावे तिथे ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. घरातले म्हणतात इंटरनेट खराब आहे, मुनीम म्हणतो पोर्टल बंद आहे. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागे गेली असेल, तर दोष आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीचा आहे. सी.आर. २०३२ नावाची ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाची तारीख चुकली की त्याला ते प्रमाणपत्रच खोटे वाटते. बॅटरी बदलली, तारीख नीट केली, काम झाले. याही बिघाडावर फॉरमॅट मारणारे लोक आहेत!

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येऊ लागला तर मात्र एक मिनिटही दवडू नये. संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, चालतो आहे तेवढ्यात आधी हिशोब बाहेर काढावा.

आता चोरांकडे वळू. चोर बहुतेक वेळा आपण स्वतःच आत आणलेला असतो. जो व्यापारी सुताचे एक पोतेही बिलाशिवाय उतरवून घेत नाही, तोच विंडोज मात्र फुकटची घेतो. फुकटची विंडोज चालू करण्यासाठी जो ‘क्रॅक’ वापरतात, तो आधी सांगतो की अँटिव्हायरस बंद करा. घरात शिरणाऱ्याने आधी कुत्रा बांधायला सांगावे, असाच हा प्रकार! १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. तो फायलींना कुलूप लावून ३०० डॉलरची खंडणी मागत असे. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांचे काम थांबले, आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही सापडले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, ते बुडाले. क्रॅक वापरणारे बहुतेक लोक अपडेट बंदच ठेवतात, कारण अपडेट झाले की चोरी उघडी पडेल अशी भीती असते.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आयबीएमच्या पीसीवर पसरलेला पहिला विषाणू म्हणून ज्याची नोंद आहे, तो ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या अलवी बंधूंनी तयार केला. आमच्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरी करणाऱ्यांना पकडण्यासाठी तो होता, असे त्यांचे म्हणणे. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहिला होता. आजच्या चोरांत एवढी शराफत नाही.

उर्दू छपाई आणि लग्नपत्रिकांचे काम करणाऱ्या बंधूंना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. इनपेजच्या चोरीच्या प्रती आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर चालत आल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर विषाणूही. इनपेज हवेच असेल तर विकत घ्यावे. नाहीतर आता ‘नोटो नस्तालिक उर्दू’सारखे टाइप गुगलने फुकट आणि कायदेशीर दिले आहेत, साध्या पत्रिकेचे काम त्यावर होते.

पेन ड्राइव्हचा प्रश्न आपल्या धंद्यात मोठा आहे. डिझायनरकडून इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर, तिथून दुसऱ्या कारखान्यात, मध्येच झेरॉक्सच्या दुकानात, असा एकच पेन ड्राइव्ह दिवसभर फिरतो. मग एके दिवशी सगळ्या फोल्डरांच्या जागी बाणाचे चिन्ह असलेले शॉर्टकट दिसतात आणि डिझाइन्स गायब. घाबरू नये आणि त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नये. मूळ फायली बहुधा तिथेच असतात, विषाणूने त्या फक्त दडवलेल्या असतात. जाणता माणूस एका छोट्या आज्ञेने त्या परत दाखवतो. घराबाहेर जाणारा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवावा, हिशोबाचा वेगळा.

विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती कामाला पुरेसा आहे, फक्त तो चालू असावा. पैसे देऊन अँटिव्हायरस घ्यायचा असेल तर पुण्याच्या काटकर बंधूंचा क्विक हील आहेच. थोरल्या काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली होती, हे आपल्या कारागिरांच्या मुलांना मुद्दाम सांगावे.

यापेक्षाही मी नकलेला, म्हणजे बॅकअपला, अधिक महत्त्व देतो. एक्स्टर्नल डिस्क घेतली आणि ती कायम संगणकाला जोडून ठेवली, तर तो बॅकअप नव्हे. खंडणीचा विषाणू आला की जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लागते. दर शुक्रवारी किंवा बाजार बंद असेल त्या दिवशी डिस्क जोडावी, टॅलीचा डेटा आणि डिझाइन्स उतरवाव्यात, डिस्क काढून कपाटात ठेवावी. एक प्रत वेगळ्या छताखाली, भावाच्या किंवा मुलीच्या घरी असावी. आगीला आणि पुराला आपल्या गावांत काही नवल नाही. आणि वर्षातून दोनदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. कित्येकांची प्रत गरजेच्या दिवशी रिकामी निघते.

घरातल्या मुलांसाठी संगणकावर वेगळे, साधे खाते करून द्यावे, ज्यातून नवे सॉफ्टवेअर बसवता येत नाही. डिजिटल सहीचे टोकन काम झाले की काढून ठेवावे. ते मशीनला लटकवून, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला मी कितीतरी पेढ्यांवर पाहतो. ती आपली सही आहे, कोऱ्या कागदावर करून ठेवलेली. तसेच, ‘कंपनीतून बोलतो, तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असा फोन आला की तो ठेवून द्यावा. पडदा लांबून हाताळणारे सॉफ्टवेअर अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून बसवू नये. पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. उशीर झाला की पैसे खात्यांमागून खाती पुढे सरकतात.

शेवटी जुन्या यंत्रांबद्दल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-सुधारणांची सोय जाहीर केली. बरीच जुनी मशीन विंडोज ११ घेत नाहीत, कारण तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणून ती भंगारात घालावीत असे मी म्हणणार नाही. त्यावर लिनक्स मिंट फुकट बसते. पत्रव्यवहार, इंटरनेट आणि मुलांचा अभ्यास त्यावर आरामात होतो. किंवा त्याची इंटरनेटची तार कायमची काढून तो फक्त डिझाइनच्या कामाला कारखान्यात ठेवावा, आणि बँक व जीएसटीसाठी एक नवे मशीन बिलासह घ्यावे.