आधी हात तपासा, मग फोन करा

येत्या १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन आहे. शिबिरे होतील, व्याख्याने होतील, ती व्हावीतच. यंदा मात्र एका प्रश्नाला जागा द्यायला हवी. जो आजार डॉक्टरच्या बोटांना कळतो, त्यावर फोनवरून उपचार करायचे कसे?

संधिवाताचे तज्ज्ञ पुण्या-मुंबईत आणि मोजक्या मोठ्या शहरांत एकवटले आहेत. मेळघाटातल्या बाईने सुजलेल्या गुडघ्यांनी एसटीत चढायचे, आपला रोज बुडवायचा, सोबत येणाऱ्याचाही बुडवायचा आणि ‘रिपोर्ट ठीक आहेत, त्याच गोळ्या चालू ठेवा’ एवढे ऐकून परतायचे, ही सक्ती कशासाठी? असा पाठपुरावा फोनवर होऊ शकतो, झालाच पाहिजे. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी दूरवैद्यक सेवेला रीतसर आधार दिला. रुग्णाला समोर बोलावण्याची गरज आहे का, हे ठरवणे मात्र त्यांनी डॉक्टरवरच सोपवले.

हा अधिकार काटेकोरपणे वापरला जावा, असे आमचे ठाम मत आहे. सांध्याच्या आवरणाला सूज असेल तर ती बोटाखाली मऊ, लिबलिबीत लागते; झिजेने हाड वाढले असेल तर टणक. पडद्यावर हा फरक कळत नाही. म्हणून पहिली तपासणी आणि निदान समोरासमोरच व्हावे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘यूलार’ या संघटनेनेही २०२२ मध्ये दूरस्थ उपचारांविषयी हाच आग्रह धरला.

सर्वांत जपायला हवे ते मेथोट्रेक्सेटला. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड येते, रक्तपेशी घटतात, प्रसंगी जीव जातो. फोनवर ‘समजलं ना?’ असे विचारले की पलीकडून ‘हो’ येतेच. त्याऐवजी ‘तुमच्या गोळीचा वार कोणता? पाकीट दाखवा, किती उरल्या?’ असे विचारावे. चिठ्ठीवर तो वार मराठीत लिहावा. रक्ताचे, यकृताचे आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय डोस वाढवू नये.

याच गोळीने गर्भाला इजा होते. आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक होतो, तेव्हा तरुण रुग्णाला दिवस राहण्याबद्दल विचारणे भागच आहे. पण अनेक घरांत फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, स्पीकर सुरू असतो आणि सासू शेजारीच बसलेली असते. तिथे सून काय सांगणार? ‘ताई, आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ हा पहिला प्रश्न असावा. येत नसेल तर दुसरी वेळ द्यावी, नाहीतर आरोग्य केंद्रातून बोलणे घडवून आणावे.

तज्ज्ञ दूर असेल तर रुग्णाजवळ दुसरा जाणता हात हवा. असे हात गावातच तयार होतात, हे आपल्याकडे सिद्ध झालेले आहे. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी सांधेदुखीची मोठी पाहणी केली, तेव्हा गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघर गेले होते. आज उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई आहेत, डॉक्टरांशी जोडणारी ई-संजीवनी आहे. सांधा कसा दाबून पाहायचा, मूठ पूर्ण वळते का, सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात, हे तपासून नोंदवायला अधिकाऱ्यांना शिकवता येईल. फोन लावण्याआधी ही नोंद तज्ज्ञासमोर असली, तर पाच मिनिटांच्या बोलण्यालाही वजन येईल.

राज्याच्या आरोग्य विभागाने हे प्रशिक्षण याच वर्षी सुरू करावे. ताप येऊन एकच सांधा लाल, गरम झाला, धाप लागू लागली किंवा लघवीला फेस येऊन पाय सुजले, तर फोनवर वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णाला कोणत्या रुग्णालयात न्यायचे, त्याचे नाव आणि नंबर प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक लिहिलेले असावेत.