नियम सगळे खुले, सर्व्हर तरी मुका

‘फायरवॉलच अडवतेय!’ नेटवर्कचे तुकडे पाडले की पहिला संशय ठरलेला आणि उपायही ठरलेला. ‘सगळ्यांना सगळीकडे मुभा’ असा नियम टाकायचा, त्याला ‘टेस्ट’ नाव द्यायचं आणि घरी जायचं. या आठवड्यात एका पतसंस्थेत (नाव राहू द्या) हेच झालं. ‘टेस्ट’ नियमांवरचा माझा राग नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. या वेळी मजा अशी, की नियम टाकूनही एका शाखेचा सर्व्हर मुख्य कार्यालयाशी बोलेना.

तुकडे पाडण्याला माझा विरोध नाही. २०१७च्या जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ हे मालवेअर मेर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये पसरलं आणि त्याचा फटका थेट न्हावा-शेवाच्या टर्मिनलला बसला. सलग नेटवर्क किती महाग पडतं, ते तेव्हाच दिसलं.

तर ही शाखा. तिथले संगणक मुख्य कार्यालयाशी सुरळीत बोलत होते, गप्प होता तो फक्त सर्व्हर. फायरवॉलच्या नोंदीत ‘परवानगी दिली’ असं स्वच्छ लिहिलेलं. मुख्य कार्यालयातून पाकिटं गेलेली, परत आलेली शून्य. ही नोंद वाचूनही लोक नियमच बदलत बसले!

संगणकांना पत्ते डीएचसीपीकडून मिळतात, म्हणून मास्कही नवा मिळाला, २५५.२५५.२५५.०. सर्व्हरचा पत्ता हाताने घातलेला, मास्क जुनाच: २५५.२५५.०.०. एकत्र वाड्याच्या वाटण्या होऊन भिंती उभ्या राहिल्या, तरी आजोबा चौकात उभे राहून पलीकडच्या पुतण्याला हाक मारतायत, तसं. १९२.१६८.३०.५ वरच्या या सर्व्हरला मुख्य कार्यालयातला १९२.१६८.१०.५ अजून शेजारीच वाटतो. तो गेटवेकडे जातच नाही, आपल्याच तुकड्यात एआरपीची हाक देत बसतो. पाकीट त्याच्यापर्यंत पोचतं, उत्तर मात्र बाहेर पडत नाही.

‘पण दुसरी शाखा कशी चालते? तिथे तर सेटिंग तंतोतंत हेच!’ हा प्रश्न तिथल्या तंत्रज्ञाने विजयी मुद्रेने विचारला. सगळं उत्तर याच प्रश्नात आहे. चालणाऱ्या शाखेतही सर्व्हरचा मास्क जुनाच होता. तिथला राउटर मात्र जुन्या घडणीचा, त्यावर प्रॉक्सी एआरपी मुळातच चालू. सर्व्हरने तुकड्याबाहेरच्या कोणालाही हाक मारली तरी ‘ओ’ हाच देणार आणि पाकीट पुढे ढकलणार. त्या सर्व्हरवर एआरपीचा तक्ता उघडला, तर मुख्य कार्यालयातल्या प्रत्येक यंत्रासमोर एकच हार्डवेअर पत्ता, राउटरचा. बिघडलेल्या शाखेत नवी फायरवॉल बसली. ती दुसऱ्याच्या नावाने ‘ओ’ देत नाही. म्हणजे नीट बसवलेल्या ठिकाणी चूक उघडी पडली आणि जुन्या ठिकाणी ती झाकून राहिली. बैठकीत मात्र शाबासकी जुन्या राउटरला आणि खापर नव्या फायरवॉलवर.

माझा अंदाज आहे, पुरावा मागू नका, की निम्म्या कार्यालयांत सर्व्हरच्या पत्त्यांची यादी एका एक्सेलमध्ये असते आणि ती बनवणारा नोकरी सोडून गेलेला असतो. या पतसंस्थेच्या यादीत तर मास्कचा रकानाच नव्हता.

मास्क बदलायला दोन मिनिटं लागली. ‘टेस्ट’ नियम अजून तिथेच आहे, ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ म्हणून. दुसऱ्या शाखेतला जुना राउटर दिवाळीनंतर बदलणार आहेत म्हणे. त्याआधी सर्व्हरचा मास्क बदला, असं लेखी कळवलंय. पोच अजून आलेली नाही.