जीएसटी घटला म्हणून ५५ इंची टीव्ही घ्यायचा? आधी घरात सिग्नल कुठला येतो ते बघा

२२ सप्टेंबर २०२५. घटस्थापना. कळवण तालुक्यातल्या सप्तशृंग गडावर नवरात्राची गर्दी सुरू झाली आणि त्याच दिवशी देशभर जीएसटीचे नवे दर लागू झाले. तेव्हापासून मोबाईल उघडला की टीव्हीची जाहिरात. 'कर दहा टक्क्यांनी कमी, आता मोठा टीव्ही घ्या.' दुकानात गेलं तरी तेच. ३२ इंची विचारायला गेलेल्या माणसाला आधी ५५ इंचीसमोर उभं करतात.

आता कळवणसारख्या गावात मोठी खरेदी ही कांद्याच्या भावाकडे बघून होते आणि यंदा भावाने काही साथ दिलेली नाही. त्यामुळे हा मोठा टीव्ही खरंच स्वस्त झालाय का आणि तो घेऊन घरात नेमकं काय दिसणार, हे दोन्ही प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारलेले बरे.

नेमकं स्वस्त काय झालं?

२०१७ साली जीएसटी आला तेव्हा टीव्ही २८ टक्क्यांच्या गटात होते. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवरचा कर १८ टक्के झाला, त्याहून मोठे मात्र २८ टक्क्यांतच राहिले. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने हे मोठे टीव्हीही १८ टक्क्यांवर आणले.

म्हणजे ३२ इंची टीव्हीवरचा कर काल १८ टक्के होता, आजही तेवढाच आहे. त्यावर कोणी 'जीएसटी कपातीची सूट' सांगत असेल तर ती सूट दुकानाची किंवा कंपनीची असेल, सरकारची नाही.

मोठ्या टीव्हीचं गणितही जाहिरातीत दिसतं तेवढं गोड नाही. समजा करापूर्वीची किंमत ४०,००० रुपये आहे. २८ टक्क्यांनी तो ५१,२०० ला पडायचा, १८ टक्क्यांनी ४७,२०० ला पडेल. वाचले ४,०००. पण जुन्या ५१,२०० वर हे ४,००० म्हणजे ७.८ टक्के, दहा नाही. कांदा हजार रुपये क्विंटल धरला तर चार क्विंटलचे पैसे वाचले. रक्कम लहान नाही. पण ते चार क्विंटल वाचवण्यासाठी उरलेले ४७ क्विंटल मोजावे लागतात, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

एचडी रेडी, फुल एचडी, ४के म्हणजे काय?

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं, त्यांना पिक्सेल म्हणतात. ३२ इंचीत सर्रास मिळणाऱ्या एचडी रेडी पडद्यावर १३६६ × ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. फुल एचडीवर १९२० × १०८०, म्हणजे साधारण २१ लाख. ४के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख.

इथे एक सावधगिरी. काही स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर '४के सपोर्ट' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की तो ४के व्हिडिओ स्वीकारेल आणि लहान करून दाखवेल. पडदा ४के आहे असं नाही. दुकानदाराला सरळ विचारा, पॅनलचं रिझोल्यूशन किती? उत्तर आकड्यातच घ्या.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

खरी मेख इथे आहे. टीव्ही ८३ लाख ठिपके दाखवू शकतो, पण त्याला तेवढे द्यायला हवेत ना कोणीतरी!

साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचं चित्र आपल्याकडे जास्तीत जास्त ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं. सव्वाचार लाखसुद्धा नाही. हे चित्र ४के पडद्यावर लावलं की दर २० ठिपक्यांपैकी एकाचीच माहिती बाहेरून येते. उरलेले १९ टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. चांगल्या टीव्हीचा अंदाज चांगला, स्वस्ताचा यथातथा. म्हणून शेजाऱ्याच्या नव्याकोऱ्या मोठ्या टीव्हीवर मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा मेणासारखा दिसतो. टीव्ही बिघडलेला नसतो.

आणि गावाकडे, वाड्या-पाड्यांवर बहुतेकदा येतं ते हेच साधं चित्र. छतावर डीडी फ्री डिशची छत्री असेल तर महिन्याचा खर्च शून्य, पण त्यावरच्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत. दूरदर्शनच्या काही एचडी वाहिन्या त्यावर आहेत, पण जुन्या एमपेग-२ डब्यावर त्या दिसतच नाहीत, एमपेग-४ डबा लागतो. क्रिकेटवालेही फ्री डिश ठेवतात, कारण २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं. सामना फुकट दिसतो खरा, पण सिग्नल त्या डब्याला झेपेल तेवढाच.

केबल किंवा पैसे भरून घेतलेली डिश असेल तर झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या वाहिन्या एचडीत मिळतात. पण त्यासाठी एचडी डबा हवा आणि एचडी वाहिन्यांचा पॅक हवा. ट्रायच्या २०१७ च्या दर आदेशात तर वाहिन्या मोजताना एक एचडी म्हणजे दोन साध्या असा हिशेब ठरला. समजा या सगळ्यापायी महिन्याला १०० रुपये जास्त गेले, तर ४० महिन्यांत ४,००० होतात. जीएसटीत वाचलेले पैसे तिकडे फिटले. शिवाय एचडी वाहिनीचं चित्रही फुल एचडीएवढंच, ४के नव्हे.

ती लाल-पांढरी-पिवळी वायर

एचडी डबा आणला, पॅक भरला, तरी चित्र जुनंच, अशी तक्रार ऐकू येते. बऱ्याचदा कारण मागे लोंबत असतं. नवा टीव्ही लावताना डबा जुन्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडून दिलेला असतो. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जात नाही, कितीही पैसे भरा. एचडीएमआय वायर लागते. टीव्ही जोडायला माणूस आला की त्याच्यासमोरच बघून घ्या.

मग किती इंची घ्यायचा?

फूटपट्टी काढा. जिथे बसता तिथून भिंतीपर्यंत मोजा. आपल्याकडची बैठकीची खोली बऱ्याचदा दहा बाय बाराची. पलंग किंवा सोफा टेकवला की डोळ्यापासून टीव्ही साधारण आठ फुटांवर येतो.

डोळ्याला ठरावीक अंतरापलीकडे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. त्या हिशेबाने साधं एसडी चित्र ३२ इंची पडद्यावर सुमारे आठ फुटांवरून नीट दिसतं. तेच चित्र ४३ इंचीवर नीट दिसायला साडेदहा फूट लागतात आणि ५५ इंचीवर तेरा फुटांहून जास्त. दहा बाय बाराच्या खोलीत तेरा फूट मागे सरकायचं तर ओट्यावर जाऊन बसावं लागेल!

म्हणजे फ्री डिश किंवा साधी केबल बघणाऱ्या घराला सगळ्यात चांगलं चित्र देणारा टीव्ही कोणता, तर ३२ इंची. नेमका तोच, ज्यावरचा कर यंदा कमी झाला नाही.

घरात एचडी डबा असेल तर मात्र ४३ इंची घ्या, बिनधास्त. फुल एचडी चित्र ४३ इंचीवर साडेपाच-सहा फुटांपासून पुढे स्वच्छ दिसतं. आठ फुटांवर बसणाऱ्याला ४३ इंचीत फुल एचडी आणि ४के यांत फरक कळणार नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. दोन्ही सारख्याच किमतीत मिळत असतील तर गोष्ट वेगळी.

५५ इंची वाईट आहे असं नाही. आठ फुटांवरून एचडी वाहिनी त्यावर चांगली दिसते, सिनेमा तर मजेत. पण त्याला रोज पोटभर चांगलं चित्र घालावं लागतं. ते एचडी डब्यातून येईल किंवा इंटरनेटवरून.

स्मार्ट टीव्ही आहे, मग इंटरनेटवर बघू?

बघा, पण आधी नेट कुठलं ते सांगा. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस वेग मागतं, फुल एचडीसाठी ५. ४के त तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघणार असाल आणि पॅक रोज २ जीबीचा असेल, तर अर्ध्या तासाच्या आत डेटा संपतो. अ‍ॅप शहाणं असेल तर वेग बघून चित्र आपोआप उतरवतं आणि तुम्ही पुन्हा साध्या चित्रावर येता. घरात फायबरची लाइन आली असेल तरच या बाजूचा विचार करा. कळवण शहरात आणि आतल्या एखाद्या पाड्यावर याचं उत्तर वेगळं असणार.

स्मार्टपणाचं आणखी एक. पडदा आठ-दहा वर्षं चालू शकतो, पण आतलं सॉफ्टवेअर त्याआधी म्हातारं होतं, अ‍ॅप चालेनाशी होतात. तेव्हा टीव्ही बदलायची गरज नसते. एचडीएमआयमध्ये लावायची छोटी स्टिक मिळते, काम भागतं.

दुकानात गेल्यावर

तिथे लावलेला व्हिडिओ हा दाखवण्यासाठीच बनवलेला असतो. समुद्रातले मासे, कापलेली फळं, भडक रंग. दुकानदाराला सांगा, डिशवर सह्याद्री लावा किंवा घरी रोज बघता ती वाहिनी लावा. आणि पडद्याला नाक लावून नाही, घरच्याएवढं अंतर ठेवून बघा.

बिल पक्कं घ्या. त्यावर जीएसटी १८ टक्केच लावलाय ना ते तपासा. मोठ्या टीव्हीवर अजून २८ लावले असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ऑनलाइन घेणार असाल तर दुरुस्तीचा माणूस कळवणमध्ये आहे की नाशिकहून येणार, हे मागवण्याआधी विचारा. आणि खोकं घरी आलं की पोरांना जरा लांब ठेवा. पडदा फुटला तर तो सहसा वॉरंटीत बसत नाही.