पितरांच्या शिळा जपाव्यात

सर्वपित्री अमावास्येस आपण ज्ञात-अज्ञात पितरांना तिलोदक देतो. परंतु धारातीर्थी पडलेल्या पूर्वजांचे वीरगळ गावोगावी ऊनपावसात झिजत आहेत. खाली रणसंग्राम, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजन आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा हा निरक्षरासही वाचता येणारा पाषाणलेख! बोरिवलीनजीक एकसरच्या वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे.

शेंदूर-तेलाची पुटे भक्तीनेच चढतात. पण त्यांखाली वीराचे मुखच बुजते. तैलरंग आणि सिमेंटही तितकेच घातक. म्हणून अमरावती-अकोल्याच्या भाविकांस आमची विनंती आहे की, अशा शिळेपुढे केवळ फुले वाहावीत, दिवा अंतरावर लावावा आणि शिळा न खरवडता पुरातत्त्व विभागास कळवावे. ज्यांचे तर्पण करावयाचे, त्यांचेच रूप आपल्या हातून पुसले जाऊ नये.