आजीचा आवाज आणि पंख्याची घरघर

काही महिन्यांपूर्वी एका विद्यार्थिनीने मला आपला लघुपट दाखवायला आणला. विषय तिची आजी. तिच्या वाड्यावर पौषात धालो होतात आणि त्या मांडावर पहिली ओळ धरणारी बाई म्हणजे ही आजी. चित्रण इतकं देखणं होतं की मी खुर्चीत सावरून बसलो. उसना आणलेला महागडा कॅमेरा, दारातून येणारा तिरपा उजेड, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, मागे अस्पष्ट झालेलं तुळशीवृंदावन. मग आजी गाऊ लागली, आणि मला ऐकू आला तो छताचा पंखा.

कॅमेऱ्यातच बसवलेला माईक आजीपासून दहा फुटांवर होता. गाण्याचे सूर येत होते, शब्द येत नव्हते. मी म्हटलं, ‘‘बाय, हे पुन्हा म्हणून घे आजीकडून.’’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘सर, आजी पावसात गेली. हा आवाज साफ करता येईल का?’’

आम्ही प्रयत्न केला. आज संगणकावर त्यासाठी बरीच साधनं आहेत. घरघर कमी झाली, पण आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला आणि शब्दांची टोकं पुसली गेली. त्या गीतांतल्या तीन तर वाड्यावर आता कुणालाच पूर्ण येत नाहीत. चित्र आहे, गाणं नाही.

त्या दिवसापासून एक मत माझ्या मनात घट्ट झालं आहे. आमच्या मुलांना आपण सिनेमा शिकवतो तो उलट्या टोकाकडून. आधी कॅमेरा, मग लेन्स, मग ड्रोन, आणि उरलेच तर चार पैसे माईकला. २००४ पासून इफ्फी गोव्यात भरतो. आमची मुलं जगभरचे चित्रपट पणजीत बसून पाहतात, ही केवढी भाग्याची गोष्ट! पण बाहेर पडल्यावर चर्चा ऐकावी तर ‘काय फ्रेम होती!’ एवढीच. ‘काय ऐकू आलं?’ असं कुणी कुणाला विचारत नाही.

थोर दिग्दर्शकांनी मात्र कानावर फार भिस्त ठेवली. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) आठवा. परगावाहून परतलेल्या नवऱ्यापुढे, मुलगी गेल्याच्या दुःखाने सर्वजया कोसळते, तेव्हा तिचा हंबरडा ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत कानावर पडताच जागच्या जागी उभं राहतं, आणि डुक्कर निघून जातं. तो प्रसंग आवाजावाचून उभाच राहिला नसता.

कुणी म्हणेल, ‘हे ठीक, पण गरीब विद्यार्थ्याने माईक आणायचा कुठून?’ रास्त प्रश्न आहे. पण यात पैशांपेक्षा अंतर महत्त्वाचं. मोकळ्यावर माईक बोलणाऱ्यापासून दुप्पट लांब गेला की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. पंख्याची घरघर मात्र खोलीभर तितकीच राहते. म्हणून दुसरा साधा फोन घ्या, तो विमान मोडवर टाका, रेकॉर्डिंग चालू करा आणि आजीच्या पुढ्यात, चौकटीच्या जरा बाहेर ठेवा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, म्हणजे पुढे चित्र आणि ध्वनी जुळवता येतात. पंखा बंद करा, फ्रिजही बंद करा. तो पुन्हा चालू करायला विसराल, म्हणून स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवायची, ही ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. आणि शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला तीच उपयोगी पडते.

कॅमेरा बिनमहत्त्वाचा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याचीही शिस्त आहे आणि ती किमतीवर अवलंबून नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० चौकटींवर लावलेला असतो, म्हणून ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. तो २५ चौकटींवर आणि शटर १/५० वर आणलं की हे दुखणं बहुतेक वेळा जातं. दुसरी गोष्ट दिशेची, आणि ती समजून घ्यायला धालोसारखं उदाहरण नाही. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर. एका रांगेपासून दुसऱ्या रांगेपर्यंत मनात एक रेघ ओढा आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडलीत, की डावीकडची रांग पुढच्या चित्रात उजवीकडे जाते आणि कोण कुणाला उत्तर देतं आहे तेच प्रेक्षकाला कळेनासं होतं. जिने मांड पाहिला आहे तिला हे सांगावंही लागत नाही.

राहिलं संकलन. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशी, तर कधी शवपेटीशी जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी शोक. म्हणजे अर्थ दोन चित्रांच्या सांध्यात असतो. पण सांधा आवाजाचाही असतो. आजीचं गाणं आधी सुरू होऊ द्या, पडद्यावर अजून रिकामं अंगण असू द्या, आणि मग आजी दिसू द्या. गाणं संपताना उलट करा: आजी दिसेनाशी झाली तरी तिचा सूर अंगणावर रेंगाळू द्या. दर दोन सेकंदांनी चित्र बदलण्याची आजची खोड इथे उपयोगाची नाही. ओवीला तिचा श्वास पुरा करू द्यावा, मग कापावं.

गोव्याचं चित्रण जगाने भरपूर केलं आहे. समुद्र, माड, सूर्यास्त सगळ्यांना पाठ झाले आहेत. पण पहाटेची पोदेराची पोंक पोंक, कौलांवरचा पाऊस, मांडावरची कोंकणी-मराठीचा भेद न जाणणारी गीतं कितीजणांनी नीट मुद्रित केली? हे पाहुण्या कॅमेऱ्याला सुचणार नाही. ते घरातल्याच मुलांनी करायचं.

ती विद्यार्थिनी आता वाड्यावरच्या दुसऱ्या एका आजीकडे जाते आहे. परवा तिचा फोन आला. कॅमेरा अजून ठरलेला नाही म्हणाली, पण दोनदा नुसती ऐकायला जाऊन आली आहे, आणि पंखा कुठल्या बटणावर बंद होतो ते पाहून ठेवलं आहे.