तेल उतरले, दर चढेच

एप्रिल 2025 मध्ये ब्रेंट कच्चे तेल पिंपाला 65 डॉलरच्या खाली आले. चार वर्षांतला तो नीचांक होता. त्याच आठवड्यात केंद्राने पेट्रोल आणि डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवले. पंपावरचा दर जागचा हलला नाही. शुल्कवाढ तेल कंपन्या सोसतील, ग्राहकाला झळ बसणार नाही, असे सांगण्यात आले. तेल उतरल्यावर जे दोन रुपये ग्राहकाच्या खिशात राहायचे, तेच परस्पर तिजोरीत वळते झाले, एवढाच त्याचा अर्थ.

2020 मध्येही हेच घडले. टाळेबंदीत जगभर तेल मातीमोल झाले असताना केंद्राने मार्चमध्ये तीन आणि मे महिन्यात दहा, असे पेट्रोलवरचे शुल्क 13 रुपयांनी चढवले. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये मिळून तेवढेच 13 रुपये उतरवले, आणि त्याला दिलासा म्हटले गेले. रोज सकाळी सहाला दर बदलण्याची पद्धत जून 2017 पासून देशभर लागू आहे. पण 2018 च्या कर्नाटक निवडणुकीआधी सुमारे तीन आठवडे आणि 2022 च्या उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुकांच्या वेळी चार महिन्यांहून अधिक काळ दर गोठले होते. बाजारभावाला निवडणुकीची चाहूल एवढी अचूक कशी लागते?

राज्यानेही हात झटकू नयेत. 2025 च्या मध्याला मुंबईत पेट्रोल साडेतीनशे पैशांनी शंभरीपार, म्हणजे 103 रुपये 50 पैशांच्या घरात होते. त्यात केंद्राचे 21 रुपये 90 पैसे आणि राज्याचे सुमारे 25 रुपये. राज्याचा व्हॅट 25 टक्के, तोही केंद्राचे शुल्क धरून झालेल्या किमतीवर. म्हणजे करावर कर. वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे वेगळे. हा अधिभार कधी दुष्काळासाठी लागला, कधी महामार्गालगतच्या दारूबंदीने बुडालेला महसूल भरून काढायला वाढला. पुढे कमी झाला, पण गेला नाही. राज्यांचे एक गाऱ्हाणे मात्र खरे आहे. केंद्राच्या त्या 21 रुपये 90 पैशांपैकी राज्यांशी वाटून घ्यावे लागते ते मूळ शुल्क अवघे 1 रुपया 40 पैसे. उरलेले सारे विशेष शुल्क आणि उपकर. पेट्रोल जीएसटीत आणायला दोघेही तयार नाहीत, त्याचे कारण इथेच आहे.

मग वाहनधारकाने काय करावे? सिंधुदुर्गातला माणूस गोव्यात गेला की टाकी भरून येतो. लिटरला सात-आठ रुपये वाचतात. नांदेडकराला ती सोय नाही. पंपावर ‘शंभरचे नको, एकशे दहाचे टाका’ म्हणणाऱ्यांची चलाखी फारशी कामाची नाही. यंत्रातले इंधन मोजणाऱ्या पल्सर या भागातच फेरफार असेल, तर आकडा कोणताही सांगा, प्रत्येक लिटरमागे काटा मारलाच जातो. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर पंपांवर छापे घातले, तेव्हा हीच लबाडी उघड झाली होती. शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागावे. ते प्रत्येक पंपावर ठेवावेच लागते आणि ग्राहकासमोर मोजून दाखवावे लागते. मागणारा ग्राहक मात्र क्वचितच भेटतो, कारण मागे रांगेतले हॉर्न वाजवू लागतात.

बाकी खरी बचत लिटर कमी जाळण्यात आहे. चाकांत हवा नीट ठेवावी, क्लचवरचा पाय काढावा, सिग्नलला इंजिन बंद करावे. द्रुतगती मार्गावर शंभरऐवजी ऐंशीने गेले तर पोहोचायला थोडी मिनिटे जास्त लागतील, पण टाकीत फरक दिसेल. इथेनॉलमिश्रित इंधनात ऊर्जा कमी असल्याने हिशेब लिटरचा नव्हे, किलोमीटरचा ठेवावा.

पण हवा तपासून कोणाचे लिटरमागचे केंद्र-राज्याच्या करांचे 47 रुपये वाचत नाहीत. उपाहारगृहाच्या बिलावर जीएसटी पैशापैशाने छापावा लागतो. पंपाच्या पावतीवरही केंद्राचा कर, राज्याचा कर, विक्रेत्याचे कमिशन आणि इंधनाची मूळ किंमत अशा चार ओळी छापणे सक्तीचे करावे. त्याला ना विधेयक लागते ना निधी. पेट्रोलियम मंत्रालयाने कंपन्यांना एक आदेश दिला की पुरे.