तीनशेच्या गोळीत लोह किती?

औषधाच्या दुकानात एक संवाद नेहमी कानावर पडतो. “ही दोनशेची नको, तीनशेची द्या. रक्त लवकर वाढेल.” देणाराही मुकाट्याने तीनशेची स्ट्रिप काढून देतो. आकडा मोठा म्हणजे औषध जोरदार, हा हिशेब लोहाच्या गोळीला लागू पडत नाही.

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत छापलेले मिलिग्रॅम बहुतेक वेळा क्षाराचे असतात, लोहाचे नव्हे. सोडणासकट नारळ तोलावा तसा हा प्रकार. फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण एकतृतीयांश, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम बारा टक्के. म्हणजे फ्युमरेटच्या 300 मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे 100 मिलिग्रॅम लोह, तर ग्लुकोनेटच्या तेवढ्याच गोळीत 35च्या आसपास. सुक्या फेरस सल्फेटची 200ची गोळी 65 देते. तीनशेच्या ग्लुकोनेटपेक्षा जवळजवळ दुप्पट! स्ट्रिपवर ‘एलिमेंटल आयर्न’ असं लिहिलेलं असतं, बघायचा आकडा तो. तो बारीक इंग्रजीत का, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. समोर, ठळक, मराठीत छापायला काय हरकत आहे?

आशाताई देतात ती लाल गोळी या गोंधळात नाहक बदनाम झाली आहे. ‘फुकटची, हलकी’ म्हणून कितीतरी घरांत ती डब्यात पडून राहते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं, आणि ते नुसतं लोहच मोजून. शिवाय 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीतही तेवढंच. रंग ताकदीचा नाही, गोळी कुणासाठी आहे त्याचा.

बरं, जास्त लोह गिळलं म्हणून जास्त रक्तात उतरतं असंही नाही. मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आतड्याचं दार दिवसभर अर्धवट लोटून घेतं. झुरिचच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींवर केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं गेलं. मळमळ, बद्धकोष्ठ यांनी हैराण होऊन गोळी सोडून देणाऱ्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावं. गरोदर बाईने मात्र आपल्या मनाने दिवस गाळू नयेत. तिच्यासाठी सरकारी कार्यक्रमात गोळी रोजची आहे. चहा आणि कॅल्शियमची गोळी मात्र लांब ठेवावी. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरायचं कारण नाही. हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही सहसा तीन महिने गोळी चालू ठेवतात, कारण शरीरातला साठा भरायचा असतो. नेमका इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

एका बाबतीत तर हा आकडा जिवाशी येतो. लहान मुलाच्या पोटात दर किलो वजनामागे 20 मिलिग्रॅम लोह गेलं की विषबाधा सुरू होऊ शकते, 60 गेलं तर जिवावर बेततं. दहा किलोच्या पोराने 100 मिलिग्रॅम लोहाच्या दोन गोळ्या खाल्ल्या तरी पहिली मर्यादा गाठली. लालचुटूक, गोड वेष्टनाची गोळी त्याला चॉकलेटच वाटणार. तसं झालंच तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा आणि रिकामी स्ट्रिप बरोबर न्या; किती लोह पोटात गेलं, हे डॉक्टरांना तिच्यावरूनच काढता येईल.